एसटीच्या काचेवरची चिनी

रिठदहून वाशिमला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. खिडकीच्या काचेवर धूळ असायचीच. त्या धुळीत तो बोटाने चिनी अक्षरं काढायचा, मान तिरकी करून बघायचा आणि बाहीने पुसून पुन्हा काढायचा. वाशिम येईपर्यंत काच लख्ख आणि बाही काळी.

फौजेत त्याला चिनी शिकवली होती. आता तो इंग्रजी-चिनी अनुवादकाच्या सरकारी परीक्षेला बसणार होता. तरी त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. चीनशी झालेली लढाई लोक विसरले नव्हते.

"आपली गाडी किती वाजता सुटते, थे तिकडं कळवत असन," कंडक्टर माझ्या कानात पुटपुटायचा. मी वाशिमच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर, म्हणून मला तो शहाणा समजायचा.

निकाल लागला त्या दिवशी काचेवरची धूळ तशीच राहिली. कंडक्टरला राहवलं नाही.

"काय झालं भाऊ?"

"नापास."

"मंग! चिनी का सोपी हाय?"

"चिनीत पास झालो ना! इंग्रजीत दांडी उडाली."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "माह्या पोराचंबी मॅट्रिकले तेच झालं."

"अन् माहं?" म्हणत कंडक्टर त्या फौजीच्या शेजारीच बसला. "सरक जरा."

मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून त्याच्या बाकावर जागा मिळेना, आणि माझ्या शेजारी कोणी बसेना.