व्यवसाय : शेती

ही गोष्ट मी अकरा वर्षं टाळली. अगदीच सांगितली नाही असं नाही. अर्धी सांगितली. त्या अर्ध्या गोष्टीवर मला शाल मिळाली, नारळ मिळाला. राहिलेली अर्धी आज लिहितो. वय शहात्तर आहे. आणखी टाळायला वेळ उरलेला नाही.

सुरुवात चिमूटभर वाळूपासून करावी लागेल.

मुंबईत कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या माडीवर शेठचं ऑफिस होतं. गिरणी बंद पडल्यावर मी तिथे क्लार्क म्हणून लागलो. शेठची खाण कोकणात. पांढरा गारगोटीचा दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा. त्याची वाळू काचेच्या कारखान्यांना जायची. खाण होती माझ्याच गावच्या डोंगरावर. शेठच्या टेबलावर काचेचा एक वाडगा कायम असे. त्यात आमचा डोंगर, साखरेसारखा बारीक. गिऱ्हाईक आलं की बोटांत चोळून बघायचं.

त्या दिवशी काचेच्या कारखान्याचे दोन पाहुणे बसले होते. मी फाईल घेऊन आत गेलो आणि माझी वेळ चुकली. शेठ खुशीत दिसला म्हणून म्हणालो, "शेठ, गावाकडे लोक खोकतायत. पाच-सहा जण तर चार पायऱ्या चढले की बसतात. दळताना पाणी मारलं, तोंडाला बांधायला काही दिलं, तर बरं होईल."

शेठने पाहुण्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"धुळीने खोकतात?"

"हो शेठ."

"इकडे ये. जवळ ये ना." त्याने वाडगा पुढे ओढला. चिमूट उचलली. "आ कर."

मला वाटलं, चेष्टा आहे. मी हसलो.

"हसतो काय? आ कर."

मी तोंड उघडलं. साठीला टेकलेला माणूस. घरी जावई आलेला. लहान पोराला औषध द्यावं तशी त्याने वाळू माझ्या जिभेवर सोडली.

"गिळ."

गिळली.

"मेलास?"

"नाही शेठ."

"मग? पाहुण्यांसमोर काय बकवास करतोस? जा, तीन चहा सांग."

एक पाहुणा मोठ्याने हसला. दुसरा आपल्या बुटांकडे बघत राहिला. मी तीन चहा सांगितले. मग मोरीत जाऊन चुळा भरल्या. खूप भरल्या. घरी जेवताना भाताच्या घासाला दाढेत कर्र वाजलं. बायको म्हणाली, "तांदूळ नीट निवडले होते हो मी." मी म्हटलं, "असेल एखादा खडा."

पाहुणे गेल्यावर शेठने मला परत बोलावलं होतं. आता आवाज मऊ. "तू तुमच्या गावच्या मंडळाचा सेक्रेटरी ना? गाववाले हॉस्पिटलला आले की तूच बरोबर जातोस ना?"

"हो शेठ."

"डॉक्टर विचारतो, काम काय करतो. तू शेती सांगायचं. खोटं आहे का? कोकणातला माणूस शेतीच करतो. खाणीचं नाव घेतलंस तर खाण बंद. गाव उपाशी. तुझ्यामुळे."

मी हॉस्पिटलात बरोबर जातो हे शेठला कसं माहीत, ते मला माहीत होतं. मीच कधीतरी फुशारकीने सांगितलं असणार.

लालबागला चाळीत आमच्या गावची एक खोली होती. गिरण्यांच्या काळात गावचे तीस-पस्तीस गडी तिथे पाळीपाळीने झोपायचे. भिंतीभर त्यांच्या पत्र्याच्या पेट्या. गिरण्या गेल्या, गडी गेले, खोली राहिली. मग गावाहून परळच्या हॉस्पिटलांत दाखवायला येणारे तिथे उतरू लागले. बाईमाणूस असेल तर शेजारच्या चाळीत, चिटणिसाच्या घरी. चिटणीस मी. रीत अशी, की पाव्हण्याबरोबर चिटणिसाने जायचं. रांगेत उभं राहायचं, केसपेपर काढायचा, डॉक्टरशी बोलायचं. गावच्या माणसाने गप्प बसायचं. चिटणीस बोलतो तिथे मध्ये तोंड घालणं म्हणजे त्याचा अपमान. हा आमच्याकडचा मान. त्या मानाचाच शेठने उपयोग केला. मी करू दिला.

चार वर्षं मी हॉस्पिटलांच्या खिडक्यांवर एकच शब्द सांगत होतो. शेती. कारकून लिहून घ्यायचे. व्यवसाय : शेती. डॉक्टर छातीचा फोटो बघायचे, खोकला बघायचे, शेतकरी म्हणून बघायचे आणि बहुतेकांना टीबीच्या गोळ्या सुरू व्हायच्या. लोक गोळ्या घेऊन गावी जायचे. आणि परत क्रशरवर.

मी स्वतःला समजवायचो, की मी शब्द फक्त पुढे केला, औषध तर डॉक्टरने दिलं.

मग वहिनी आली.

माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. नात्याने वहिनी, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. भाऊ लवकर गेला. तिची डोंगराच्या पायथ्याशी भाताची दोन कुणगी होती, लहानशी शेतं. शेठला खाणीचा माल टाकायला जागा हवी होती, तेव्हा ती कुणगी त्याला द्यायला मीच तिला समजावलं होतं. म्हटलं, वयनी, घरबसल्या काम मिळेल. मिळालं. चाळणीवर. दळलेला दगड चाळायचा, पोती झटकायची. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवया पांढऱ्या. वाडीतली पोरं तिला म्हातारी म्हणून चिडवायची. ती म्हणायची, "व्हयतर, पीठ दळून इलंय मी."

आमच्या घरी आली तेव्हा तिची गळ्याची हाडं वर आली होती. चाळीखाली मिरची कांडायचं दुकान. तिचा खोकला सुरू झाला की मी शेजाऱ्यांना सांगायचो, गावच्या माणसाला मिरचीचा ठसका सोसत नाही. शेजारी मान डोलवायचे. बायको माझ्याकडे बघायची. तिला कळलं होतं.

हॉस्पिटलात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने वहिनीचा एक्स-रे उजेडाला धरला. बराच वेळ धरला. मग केसपेपरवर नजर टाकली.

"शेती?"

"हो," मी म्हणालो.

"कसली शेती?"

"भात. थोडी नाचणी."

"दगडाच्या धुळीत काही काम? खडी, खाण, क्रशर?"

"नाही."

"मी यांना विचारते. काका, तुम्ही जरा थांबा." तिने खुर्ची वहिनीकडे वळवली. "बाई, तुम्ही सांगा. काय काम करता?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तेव्हा एकच काम होतं. मान खाली न घालणं. मी घातली.

वहिनी म्हणाली, "भावोजी सांगतत ता खरा."

डॉक्टरीण म्हणाली, "मला हा टीबी वाटत नाही. पोटात गेलेली धूळ बाहेर पडते. छातीत गेलेली राहते, आणि आतून दगड करत जाते. तसं असेल तर गोळ्यांनी बरं होत नाही. त्या कामावर पुन्हा जायचं नाही, हाच पहिला उपाय. पण तुम्ही शेती म्हणता." तिने खांदे उडवले नाहीत की रागावली नाही. फक्त लिहिलं. टीबीच्याच गोळ्या लिहिल्या.

पोटात गेलेली बाहेर पडते. चार वर्षांपूर्वी शेठने माझ्या जिभेवर ठेवली होती ती पोटात गेलेली. त्यावरून त्याने सिद्ध केलं होतं, की कोणी मरत नाही. आणि मी 'नाही शेठ' म्हणून सही केल्यासारखा उभा होतो.

घरी आल्यावर वहिनी खिडकीशी उकिडवी बसली. पडून तिला श्वास येत नसे. तिथूनच म्हणाली, "भावोजीनू, तुमी शेती कित्याक सांगितलास?"

"खाणीचं नाव घेतलं तर सगळ्यांचं काम जाईल, वयनी."

ती हसली. हसताना खोकली. मग म्हणाली, "आमची शेती खय हा आता? थय तर तुमची वाळू हा."

तुमची म्हणाली. शेठची नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो. शेठकडे कोणी पाहुणे नव्हते. मला बघून तो म्हणाला, "काय, तुझी शेतकरीण काय म्हणते? डॉक्टरने काही लफडं केलं नाही ना?"

मी वाडगा उचलला आणि त्याच्यासमोर सरकवला.

"शेठ, आज तुम्ही खा."

"काय?"

"आ करा."

शब्द त्याचेच होते. शेठ उभा राहिला. त्याने वॉचमनला हाक मारली. मी वॉचमन यायच्या आत जिना उतरलो. परत तिथे गेलो नाही.

ही माझी अर्धी गोष्ट. मंडळाच्या सत्यनारायणाला ती कोणीतरी माईकवर सांगितली. चिटणिसांनी गावासाठी नोकरीवर लाथ मारली. टाळ्या. शाल. मी हात जोडून उभा. वाडग्याचं सगळ्यांना माहीत आहे. केसपेपरचं कोणालाच नाही.

त्या दिवशी जिना उतरून मी परळला जायला हवं होतं. चालत पाऊण तासाची वाट. त्या डॉक्टरणीला सांगायला हवं होतं, की बाई, मी खोटं बोललो, ते खोडा. शेठसमोर मला उभं राहता आलं. तिच्यासमोर नाही. शेठला बोलताना मी पीडित होतो. तिथे मी गुन्हेगार झालो असतो. मी सरळ घरी गेलो. वहिनी गोळ्या घेऊन गावी गेली, आणि बरं वाटेल या आशेने महिन्याभरात परत चाळणीवर बसली. कारण कागदावर तिचं दुखणं टीबी होतं आणि टीबी गोळ्यांनी बरा होतो.

आता बायको नाही. मंडळाची खोली आहे ती चाळ अजून उभी आहे, माझी चाळ पाडून बिल्डिंग झाली. मी सतराव्या मजल्यावर एकटा राहतो. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर आहे, वरपासून खालपर्यंत काचेचा. दुपारी त्याची तिरीप माझ्या भिंतीवर येते. मी पडदा ओढून घेतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला ऊन सोसत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनीच्या लेकीचा फोन आला. चाळिशीची बाई. आई गेल्यावर तीही चाळणीवर लागली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दोन वाक्यांमध्ये ती थांबत होती. ते थांबणं मी ओळखलं.

"काकानू, माका सोमवारी मुंबैक येवचा हा. डॉक्टराक दाखवूक. तुमी येशात मा वांगडा?"

"येतो."

"आणि डॉक्टराक काय सांगू? आवशीसारखी शेतीच सांगू मा?"

मी शिकवलेला शब्द तिच्या आईने घरी नेला होता. तिथे तो पोरीसाठी जपून ठेवला होता.

म्हणून हे लिहितो आहे. सोमवारी मी तिच्याबरोबर जाईन. खिडकीवर तिने गप्प बसायचं नाही. तिने स्वतः सांगायचं, गारगोटीचा क्रशर, चाळणी, किती वर्षं, कुठला गाव. ते सांगून झाल्यावर मी बोलेन. मंडळाच्या वहीत त्या चार वर्षांत माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येकाचं नाव आहे, माझ्याच अक्षरात. यांतला एकही माणूस तेव्हा शेती करत नव्हता, असं मी लिहून सही करणार आहे आणि तो कागद डॉक्टरच्या हातात देणार आहे. वहीची एक प्रत मंडळाच्या खोलीत लावणार, मला शाल दिली तिथल्याच भिंतीवर. त्यावर मला कोणी काय म्हणेल ते म्हणो. त्यांनी म्हणावं.

एक मात्र राहिलं. ते आता होणार नाही.

नोकरी सुटल्यावर गणपतीला गावी गेलो होतो. बसमध्ये सगळा रस्ता एक वाक्य घोकत होतो. वहिनी पडवीत बसली होती, पुढे उशी घेऊन, तिच्यावर ओणवी. पायथ्याची कुणगी होती तिथे पांढरा गाळ घट्ट सिमेंटसारखा बसला होता. परसातल्या काजूच्या पानांवर पीठ. मला बघून ती उठायला लागली. म्हटलं, बसा. तरी उठली. तांब्याभर पाणी आणलं.

"आयकलंय मी," ती म्हणाली. एकेक शब्द श्वासाने तोडत. "आमच्यासाठी नोकरी सोडलास. देव तुमचा बरा करो."

मी तांब्या तोंडाला लावला. संपला तेव्हा तळाला पांढरा साका दिसला. ती माझ्याकडे बघत होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिला ऐकायला वेळ होता.

मी म्हणालो, "पाणी गार हा, वयनी."

घोकलेलं वाक्य असं होतं : वयनी, डॉक्टरासमोर मी खोटा सांगितलंय. मी चुकलंय.