खिडकीतलं बटणांचं दुकान

दोरे-बटणांच्या त्या दुकानात येणारं प्रत्येक माणूस तिला ताई म्हणायचं. दुकान तिच्या थोरल्या भावाचं. पण कुठल्या खणात कोणती लेस आहे असं कोणी विचारलं, की दादा दारापाशी टाकलेल्या खुर्चीतूनच ओरडायचा, "अगं, बघ जरा!" मालकी त्याची आणि उठबस हिची.

घर दुकानाच्या पाठीमागेच होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारातून काउंटरमागे यायची आणि त्याच दारातून परत जायची. काउंटर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पूर्वी त्याच्या टोकाला उचलून बाहेर पडायची एक फळी होती. ती एका गिऱ्हाइकाच्या बोटांवर आपटली, तेव्हा दादाने "तूर्तास राहू दे" म्हणत तिच्यावर दोन खिळे ठोकले. खिळे ताईनेच त्याच्या हातात दिले होते. तेव्हा ती तरुण होती. आता चष्म्याशिवाय सुई ओवता येत नाही, तरी ते तूर्तास काही संपलेलं नाही.

अशात एक दिवस शिलाईवाल्या बाई आल्या. त्या या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, आणि आता दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढत होत्या.

"ताई, शिवणाचं मी बघते, दोरे-बटणं-लेस तुम्ही बघा. पाटी दोघींची लावू. वर राहायला खोल्या आहेत. येता का?"

ताईला इतका आनंद झाला, की हातातली लेस मोजता मोजता चुकली. आयुष्यात पहिल्यांदाच. पण तोंडातून शब्द निघाले ते नेहमीचेच. "दादाला विचारते हं."

झालं, तिथेच घोडं अडलं. दादा नाही म्हणाला नाही. नाही म्हणायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. तो म्हणाला, "बघू की! पण त्याआधी एक काम कर." लग्न होऊन गेलेल्या लेकीचं बाहुलीघर माळ्यावर धूळ खात पडलं होतं. ते त्याने खाली काढलं. "याचं हुबेहूब आपलं दुकान करून दे. खिडकीत मांडू, लोक थांबून बघतील. तुझ्याशिवाय कोणाला जमणार? ते झालं की निवांत बोलू."

ताई कामाला लागली ती जणू सामान बांधायलाच बसल्यासारखी. काड्यापेट्या चिकटवून खण केले, त्यांना कपड्यांच्या हुकांच्या मुठी बसवल्या. काडीच्या तुकड्यांवर दोरा गुंडाळून रिळं झाली, टिकल्यांची बटणं झाली. चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा आरसा झाला. काउंटरमागे उभी करायला कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याची बाहुली केली, तिला आपल्याच जुन्या कपड्याचा तुकडा नेसवला आणि बारीक तारेचा चष्मा लावला. वहिनी बघतच राहिली. "अगं बाई, ही तर तूच! आता नुसतं 'काय हवंय' म्हणायचं बाकी आहे."

पण दादाचं काही ना काही राहिलेलंच असायचं. आज स्टूल नाही, उद्या घड्याळ नाही, परवा शटर. शेवटी म्हणाला, "आणि मी कुठे आहे?" मग दाराशी खुर्ची आली, खुर्चीत चिंध्यांचा दादा आला. त्याचं पोट मात्र ताईने जरा सढळ हाताने भरलं. तेवढाच सूड. रात्री अंथरुणावर पडलं, की रागाने तिचे कान तापायचे, आणि सकाळी ती पुन्हा डिंकाची बाटली घेऊन बसायची.

दुकान खिडकीत लागलं, दादा दिवसभर कौतुक ऐकत बसला, पण निवांत बोलणं काही झालं नाही. आणि बाईंचा निघायचा दिवस आला. सामानाने भरलेली गाडी रस्त्यात उभी करून त्या विचारायला आल्या. "ताई, काय ठरलं?"

ताईने तोंड उघडायच्या आत खुर्चीतून उत्तर आलं. "अहो, तिचा जीव इथेच रमतो. ते बघा ना खिडकीत!"

बाई वाकून बघू लागल्या. मग त्यांनी बोट घालून त्या इवल्या काउंटरचं टोक हळूच उचलून पाहिलं. "ताई, ही फळी उघडत नाही?"

"नाही. खिळे ठोकलेत. टाचण्यांची डोकी आहेत, बघा."

"अहो, पण बाहुलीच्या दुकानात कोणाची बोटं चेपणार होती?"

त्या टाचण्या ताईनेच अंगठ्याने दाबून बसवल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर निदान दादावर चिडता तरी आलं असतं.

बाई म्हणाल्या, "येते मी," आणि पायरी उतरल्या.

ताई वळली. मागच्या दारात वहिनी उभी होती. "अगं, दुधाकडे बघतेस का जरा?" त्या दारातून गेलं तर पुढे काय, ते ताईला सगळं दिसलं: दूध, मग भांडी, मग मधली खोली, मग गल्लीला वळसा, आणि तोवर रिकामा रस्ता. तिने फळीला हात घातला. जोर लावला. खिळे जुने होते, पण पक्के.

मग तिने स्टूल ओढलं आणि कपडे सावरत काउंटरवर चढली. रिळांचा डबा कलंडला, रिळं घरंगळत दारापर्यंत गेली. बटणं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भिंतीला चिकटलं.

"अगं, हे काय?" दादा खुर्चीतून अर्धा उठला. "मागून ये की!"

"मागून निघाले की मी घरातच राहते, दादा," ती म्हणाली आणि पलीकडे उतरली. गुडघ्यात कळ आली. गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकू आला.

"बाई, थांबा!"

"चपला तरी घाल!" दादा ओरडला.

चपला मागच्या दाराशी होत्या. ताई तशीच धावत सुटली.