चादरीचा कोपरा

उज्जैनमध्ये राहून वेबसाइट बनवून पोट भरता येईल असं ज्या दहा-बारा लोकांना वाटलं होतं, त्यांतला मी एक. २००० साल उजाडताच कम्प्युटर बंद पडतील, हा वायटूकेचा बागुलबुवा नुकताच येऊन गेला होता. बँका आपल्याच माणसांना गोड बोलून घरी पाठवत होत्या, आणि माझे बाबाही तसेच स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते. एक जण घरी बसला म्हणजे दुसऱ्याने बाहेर पडलं पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब. मी मात्र समोरच्या खोलीत कम्प्युटर मांडून त्यांच्याच समोर बसलो.

"तू दिवसभर काय करून राहिला आहेस, मला एकदा समजावून तर सांग," ते म्हणायचे. मी समजावायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हणजे टायपिंगच ना." मी इंटरनेट लावलं की घरचा फोन अडकायचा, आणि देवासची मावशी नंतर आईला विचारायची की तुमच्याकडे असं कोण तासन्‌तास बोलत असतं.

कामं मिळायची तीही धन्य असायची. फ्रीगंजमधल्या एका कोचिंग क्लासच्या मालकाला पहिल्या पानावर स्वतःचा फोटो हवा होता, आणि तो गुणवत्ता यादीतल्या मुलांच्या फोटोंपेक्षा मोठा हवा होता. देवास गेटजवळच्या एका धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने मला तीनदा परत पाठवलं, कारण पानावरचा दिवा नीट फडफडत नव्हता. "थोड़ा हिलता हुआ कुछ डालो, भैया," एवढीच त्याची मागणी. जो वेबसाइट बनवतो त्याला प्रिंटरही दुरुस्त करता येतो अशी सगळ्या गावाची समजूत होती. मी प्रिंटरही दुरुस्त करायचो.

या सगळ्यात माझा आधार होता तो रविवार सकाळचा. टावर चौकात एका दुकानाच्या वर सायबर कॅफे होता. गिऱ्हाइकं यायच्या आधी आम्ही सगळे वेबसाइटवाले तिथे जमायचो, खालून पोहे-जिलेबी यायची, आणि प्रत्येक जण आठवड्यात काय केलं ते उघडून दाखवायचा. आम्ही त्याला मंडळ म्हणायचो. मंडळाचा एकच रिवाज होता. एखादं पान आवडलं तर त्याच्या मागची लिहिलेली आज्ञावली उघडायची, हवी ती कॉपी करायची आणि आपल्या पानात चिकटवायची. विचारायचं नाही. दाखवणारा स्वतःच म्हणायचा, "उठा लो." पुस्तकं मिळत नव्हती, शिकवणारं कोणी नव्हतं, आम्ही सगळे एकमेकांचं उचलूनच शिकलो. माझी पहिली साइट अर्धीअधिक माझ्या शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या मित्राच्या पानांवरून उचललेली होती. त्याने कधी ब्र काढला नाही.

एकदा मंडळातल्या एकाने आपल्या पानावर माउसचं उजवं बटण चालणार नाही अशी सोय केली, म्हणजे कोणाला चित्रं उतरवून घेता येऊ नयेत. आम्ही त्याची इतकी टर उडवली की तो दोन रविवार आला नाही. सगळ्यात जास्त मी बोललो. नेटवर टाकलं की ते सगळ्यांचं झालं, लपवायचं असेल तर कपाटात ठेव, असं बरंच काही. मला बोलता येतं, आणि त्या दिवसांत मला ते फार आवडायचंही.

भैरवगढला मी पहिल्यांदा गेलो ते मावशीच्या मुलीच्या लग्नात द्यायच्या चादरी घ्यायला. तिथे लाकडी ठप्प्यांनी कापड छापणाऱ्या छीपांची घरं आहेत. कोणीतरी नाव सांगितलं म्हणून मी साठीच्या एका छीपाच्या ओसरीवर जाऊन बसलो. पुढे मी त्यांना चाचा म्हणायला लागलो. त्यांनी घड्या घातलेल्या चादरींची थप्पी पुढे ओढली, एक उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि तिचा फक्त एक कोपरा उलटून दाखवला. मी पूर्ण उघडायला गेलो तर त्यांनी घडीवर हात ठेवला. "कोना देख लो, बाबूजी. कपड़ा वही है."

तो त्यांच्या घरचा रिवाज होता. अनोळखी माणसाला फक्त कोपरा. सौदा ठरला की मग चादर उघडायची. कारण विचारलं तर म्हणाले, "पूरा खोल दूँ तो आदमी आँख में भर के ले जाता है." त्यांच्या घरची एक बेल होती, म्हणजे वेलीची नक्षी. अफूच्या बोंडांची, दोन बोंडांमध्ये वळलेली पानं, काळ्या रेषेत आणि मजिठी लाल रंगात. त्यांच्या आजोबांच्या सागवानी ठप्प्यावरची. वस्तीतला दुसरा कोणी ती बेल छापत नसे, आणि इंदूरचे दोन व्यापारी तेवढ्या एका बेलीसाठी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे यायचे. घर त्यावर चालायचं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं नाही. मी कारण नसताना स्कूटर काढून तिकडे जायला लागलो, रंगाच्या कुंड्यांजवळ बसून त्यांचा हात बघत राहिलो, तेव्हा हळूहळू कळलं.

चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांनी ती बोंडांची चादर पूर्ण उघडून जमिनीवर पसरली. मी पाय मागे घेतले. "तुमसे क्या छुपाना, बेटा," ते म्हणाले. कोणी मोठ्या माणसाने माझ्यावर इतका विश्वास टाकल्याची मला आठवण नव्हती. घरी तर मी टायपिंग करत होतो.

मग मी त्यांची वेबसाइट बनवायचं डोक्यात घेतलं. त्यांना नको होती असं नाही. एका परदेशी बाईने कधीतरी पत्ता लिहून नेला होता, आणि व्यापाऱ्यांवाचून माल थेट बाहेर जावा असं त्यांनाही वाटत होतं. पण खरं सांगायचं तर ती साइट मला हवी होती. कोचिंग क्लास आणि फडफडणारे दिवे यांच्या पलीकडे मला काहीतरी येतं, हे मला मंडळाला दाखवायचं होतं.

"इसमें कोना ही दिखा सकते हैं न?" चाचांनी विचारलं.

मी हसलो. त्यांना समजावलं की अमेरिकेत बसलेल्या माणसाला कापडाला हात लावता येत नाही, कोपरा बघून तो पुढे निघून जाईल. "पूरा दिखाओगे तभी बिकेगा, चाचा." त्यांनी फळीवरच्या ठप्प्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुम पढ़े-लिखे हो, बेटा. ठीक ही कहते होगे." हे वाक्य मला आजही झोंबतं.

कापड स्कॅनरवर ठेवलं तर चित्र मळकट यायचं. म्हणून मी त्यांना पांढरा जाड कागद नेऊन दिला आणि प्रत्येक ठप्पा त्यावर काळ्या रंगात उमटवून घेतला. सगळी सकाळ ते माझ्यासाठी कागदावर छापत बसले. घरी आणून मी ते स्कॅन केले, डाग पुसले, रेषा कोरून कोरून साफ केल्या. बोंडांच्या बेलीचा ठप्पा एका जागी चिरलेला होता, तिथलं एक पान अर्धंच उमटायचं. मी ते माउसने पूर्ण केलं. माझ्या पानाचं टोक जरा उलट्या बाजूला वळलं. मला ते दिसलं होतं, पण कंटाळा आला होता, म्हणून तसंच राहू दिलं. चित्रं मुद्दाम मोठी ठेवली. क्लिक केलं की अख्खी बेल पडदाभर उघडायची. खाली, बारीक अक्षरांत, साइट बनवणारा म्हणून माझं नाव.

रविवारी मंडळात मी ती उघडली तेव्हा पोहे खाणारे हात थांबले. शेजारच्या मित्राने पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "क्या साफ़ काम है, यार." मी इतका फुगलो होतो की काही न सुचून मंडळाचाच शब्द बोललो. "उठा लो," मी म्हणालो.

त्यानंतर चार-पाच महिने गेले. परदेशातून दोन चौकशा आल्या, त्यांचं पुढे काही झालं नाही. एका संध्याकाळी टावर चौकातून जाताना फुटपाथवर चादरींचे ढीग दिसले, आणि वरच्याच चादरीवर बोंडांची बेल. मला आधी आनंदच झाला. वाटलं, चाचांचा माल इथवर पोचला. जवळ गेलो तर कापड पातळ, रंग भडक, आणि छपाई सगळीकडे एकसारखी, हाताने छापताना होते तसा ठप्पा कुठे हललेला नाही. तरीही मी समजूत घालत होतो की कोणीतरी बघून नक्कल केली असेल. मग मला ते पान दिसलं. टोक उलट्या बाजूला वळलेलं. चाचांच्या ठप्प्यावर ते टोक नव्हतंच. ते जगात फक्त माझ्या कम्प्युटरवर होतं.

"इंदौर का माल है, ले जाओ," विकणारा म्हणाला.

रविवारी मी त्या शेजारच्या मित्राला विचारलं. त्याने एका क्षणाचाही आडपडदा ठेवला नाही. इंदूरच्या एका कापडवाल्यासाठी तो सीडीवर कॅटलॉग बनवत होता. त्याला काही नक्ष्या हव्या होत्या, याने त्या रविवारी उचललेलं माझं चित्रांचं सगळं फोल्डर देऊन टाकलं. त्या कापडवाल्याने चित्रांची फिल्म काढून त्यावरून स्क्रीन प्रिंटिंगचे जाळीचे साचे करून घेतले. "फोटो इतने साफ़ थे कि उनको कुछ नया बनाना ही नहीं पड़ा," तो कौतुकाने सांगत होता. "सीधे फ़िल्म निकाल ली."

मी म्हणालो की ती त्या म्हाताऱ्या माणसाच्या घरची बेल होती.

"तूने ही तो बोला था, उठा लो."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण मी कोणत्या तोंडाने काय बोलणार होतो? माझी पहिली साइट त्याचीच होती. मी इतरांकडे बघितलं. लपवायचं असेल तर कपाटात ठेव, हे त्या सगळ्यांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मग एकाने जिलेबी अजून सांगायची का ते विचारलं, आणि सगळे हो म्हणाले. त्या मंडळात आम्ही एकमेकांना सगळं देत होतो असं मला वाटायचं. दुसऱ्याच्या आजोबांची वस्तू देऊन टाकताना कोणालाच काही वाटलं नाही, मला तर सगळ्यात कमी वाटलं होतं.

घरी येऊन मी साइटवरची चित्रं काढली. जी दोन राहू दिली त्यांवर उजवं बटण बंद करून टाकलं. त्या गोष्टीचं मला हसू आलं, आणि बाबा शेजारच्या खुर्चीतून बघत होते म्हणून ते मी गिळलं.

भैरवगढला जायला मला पंधरा दिवस लागले. त्याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही. चाचांना सगळं आधीच कळलं होतं. व्यापाऱ्यांपैकी एक जण फुटपाथवरची ती चादर घेऊनच आला होता, आणि हीच बेल स्वस्तात मिळते तर आता तुमची नको, असं सांगून गेला होता. दुसरा आलाच नव्हता. बोंडांचा ठप्पा धुऊन, जुन्या कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलेला होता.

मी सगळं सांगितलं. उठा लो म्हणालो होतो, तेही सांगितलं. "गलती मेरी है, चाचा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या उलट्या टोकाच्या पानाबद्दल एकच विचारलं. "वो पत्ता किसने बनाया?"

"मैंने."

"हमारा तो टूटा हुआ है. दादा के टाइम से." एवढं बोलून त्यांनी आत चहा सांगितला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, नवीन काही छापताय का. ते उठले, थप्पीतून एक चादर काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. एक कोपरा उलटला. पिवळ्या जमिनीवर कसल्यातरी फुलाचा अर्धा भाग होता, बाकीचं घडीत. मी सवयीने ती उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी घडीवर आपला तळवा ठेवला.

"कोना देख लो, बाबूजी," ते म्हणाले. "कपड़ा वही है."

मी कोपरा बघितला आणि छान आहे म्हणालो.