‘कस्टमर सोबत आणतो’ असं सांग

चाकणच्या एका मोठ्या परदेशी कंपनीत मी एकदा सेल्सच्या जागेसाठी इंटरव्ह्यू द्यायला गेलो होतो आणि चहा यायच्या आतच नापास झालो, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला त्यांनाही नाही. त्या दिवशी ऑफिसात दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं होतं. परत आल्यावर कुणाला शंका येऊ नये म्हणून गालात कापसाचा बोळा धरून बसलो. एकाने तर लवंगही आणून दिली. ती चावत चावत मी सांत्वन करून घेतलं.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या इंटरव्ह्यूतूनच निघालं.

मी टूल्स विकतो. लेथवर, सीएनसीवर लोखंड कापायला लागतात ती. आमचं ऑफिस भोसरीत आणि गिऱ्हाइकं भोसरीतल्या पत्र्याच्या शेडपासून चाकणच्या प्लँटपर्यंत. आमच्या धंद्यात नोकऱ्या जाहिरातीत कमी आणि गेटवर जास्त मिळतात. मोठ्या कंपनीच्या सिक्युरिटी केबिनपाशी एक बाकडं असतं. परचेसवाल्यांनी आत बोलवायची वाट बघत त्यावर चार कंपन्यांची माणसं बसलेली असतात, सगळे एकमेकांचे स्पर्धक. आत गेल्यावर एकमेकांचे रेट पाडतील, पण बाहेर एकाच पुडीतले शेंगदाणे खातील. “राव, अमक्याकडे जागा निघालीय, बायोडेटा टाक,” हे तिथंच कळतं आणि इंटरव्ह्यूत काय बोलायचं तेही तिथंच शिकवलं जातं.

मीही तिथंच शिकलो होतो. समोरच्या साहेबांनी विचारलं, “आमच्याकडे आलात तर सुरुवातीला काय कराल?” मी बाकड्यावरचं उत्तर दिलं. “सर, माझे कस्टमर माझ्याशी बांधलेले आहेत. येताना सोबत आणतो.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे आमच्याकडून जाताना आमचेही घेऊन जाल. ज्याचा पगार खाल्ला त्याचीच गिऱ्हाइकं दुसऱ्याला देऊ करतो, तो माणूस मी ठेवत नाही. चहा मात्र घेऊन जा.”

आवाज जराही चढला नव्हता. चहा मी घेतलाही.

काही वर्षांनी आमच्या ऑफिसात एक पोरगा माझ्या हाताखाली आला. लातूरकडचा, डिप्लोमा झालेला, माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मला सर म्हणाला, आठवड्यात दादा. त्याला मी सगळं शिकवलं. कुठल्या गेटवर सेफ्टी शूजशिवाय सोडत नाहीत, कुठला परचेस ऑफिसर जेवणानंतर गाठायचा नाही, रेट मागितला की लगेच का सांगायचा नाही. तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि मग त्याच्या पद्धतीनं करायचा. म्हणजे काहीच करायचा नाही. मशीनपाशी जाऊन उभा राहायचा, ऑपरेटरला गावाकडचं विचारायचा, निघताना ऑर्डर घेऊन यायचा.

भोसरीत आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं. मूळचे गावकरी, स्वतःच्या जमिनीवर शेड टाकून वर्कशॉप काढलेले. पंधरा वर्षं मी त्यांच्याकडे जात होतो. एकदा एकटाच गेलो.

“या की. एकलेच? ते आमचं पोरगं न्हाई आलं व्हय?”

“तो चाकणला गेलाय. मी आहे ना. काय हवंय सांगा.”

“तुमी हाय ते ठीक हाय. पर त्याला धाडा सवडीनं. घाई न्हाई काय.”

पंधरा वर्षांत मी ‘आमचं’ झालो नव्हतो. त्यांच्या मुलीच्या हळदीचं त्याला घरचं आमंत्रण होतं. माझ्यासाठी पत्रिका ऑफिसच्या टेबलावर आली होती, कंपनीच्या नावाने. मी लग्नाला गेलो. जेवणाच्या पंगतीत तो वाढत होता. घरच्यासारखा, पँट दुमडून. माझ्या पानात त्याने आग्रहाने दोन जिलब्या टाकल्या. मी हसलो आणि त्या दोन्ही तशाच टाकून उठलो.

बाकड्यावर लोक विचारायचे, “भाऊ, तुमचा हिरा कुठाय?”

“पॉलिशला टाकलाय,” मी म्हणायचो आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचो.

घरीही तेच. तो एकदा जेवायला येऊन गेला आणि बायको म्हणाली, “किती शांत आहेत हो ते. नाहीतर तुम्ही! फोनवर बोलता ते शेजाऱ्यांना ऑर्डर दिल्यासारखं.” ती गमतीत म्हणाली होती. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही आणि ती बिचारी भाजीत काय चुकलं ते विचारत राहिली.

त्याचं काम वाईट असतं तर मला राग आला असता. राग बोलून दाखवता येतो. इथं बोलून दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मला त्याचं आवडलं जाणं बघवत नव्हतं, एवढंच होतं.

मग मी त्याला पहिला सल्ला दिला. “एका जागी राहून सेल्सवाला वाढत नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी घे. टूर करशील तर उद्या मॅनेजर होशील.” करिअरच्या दृष्टीने यात खोटं काही नव्हतं. कुणीही हेच सांगितलं असतं. तो खूश झाला आणि बॅग भरून गेला. भोसरी-चाकण पुन्हा माझं झालं. तरी फोन त्यालाच जायचे. तो कोल्हापूरच्या लॉजवरून मला कळवायचा, “दादा, त्यांना टूल कमी पडतंय, तुम्ही जरा जाऊन या.” माझीच गिऱ्हाइकं मला तो नेमून द्यायचा.

पुढे त्याच्या आईला अर्धांगवायू झाला. तिला त्याने गावाहून पिंपळे गुरवच्या भाड्याच्या घरी आणलं. आठवड्यातले निम्मे दिवस तो बाहेर, म्हणजे अंथरुणावर कूस बदलण्यापासून सगळं बायकोवर. तीही शाळेत शिकवायची. त्याने मला एकदा विचारलं, “टूर थोडी कमी होईल का, दादा?” मी म्हणालो, “वर बोलून बघतो.” वर मी बोललोच नाही.

म्हणून त्याने नोकरी शोधायला सुरुवात केली आणि चाकणहून त्याला बोलावणं आलं. जागा फक्त चाकणमधल्या प्लँटना टूल्स विकायची होती. टूर अजिबात नाही, संध्याकाळी घरी. एका रविवारी त्याने मला घरी बोलावलं, तयारी करून घ्यायला. पुढच्या खोलीत आईची कॉट होती. तिला बोलता येत नव्हतं, पण माझी पोह्यांची बशी रिकामी झालेली दिसली की ती चालत्या हाताने सुनेला खूण करायची, अजून घाल म्हणून.

“कोण घेणार आहे इंटरव्ह्यू?” मी विचारलं.

त्याने नाव सांगितलं. तेच साहेब.

“ओळखता का दादा तुम्ही?”

“नुसतं नाव ऐकून आहे,” मी म्हणालो. “रिझल्ट बघणारा माणूस आहे म्हणतात.”

“मग काय बोलू मी?”

इथं मला थांबता आलं असतं. ‘मशीनवर कसा उभा राहतोस तेवढं सांग,’ एवढं म्हटलं असतं तरी त्याचं काम झालं असतं. ते साहेब अशाच माणसाच्या शोधात होते हे या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी पोह्यांवरचं खोबरं चमच्याने बाजूला केलं आणि म्हणालो, “सुरुवातीला काय कराल असं विचारतील. तेव्हा ‘कस्टमर सोबत आणतो’ असं सांग.”

“दादा, ते बरं दिसेल का? आपल्याच कंपनीचे कस्टमर, आणि आपणच...”

त्याला न सांगता कळलं होतं. जे मला त्या खुर्चीत बसून, चहा पिऊन कळलं, ते त्याला घरच्या सतरंजीवर बसून कळलं होतं. त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला तितका त्या हळदीच्या आमंत्रणानेही वाटला नव्हता.

“अरे, तू काय शाळेत आहेस का?” मी म्हणालो. “सेल्सवाल्याजवळ विकायला दुसरं असतं काय? मी इतकी वर्षं धंद्यात आहे ते उगाच? म्हणून दाखव बरं.”

त्याने म्हणून दाखवलं.

“असं मुळमुळीत नको. ठासून. परत म्हण.”

त्याच्या आईसमोर मी त्याच्याकडून ते वाक्य घटवून घेतलं. निघताना तो खाली गाडीपर्यंत आला. “तुम्ही आहात म्हणून हिंमत होते,” म्हणाला.

इंटरव्ह्यूच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मागे चाकण चौकातल्या ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

“नाही झालं, दादा.”

“काय म्हणाले?”

“कळवू म्हणाले. पण नाही झालं, चेहऱ्यावरून कळतं ना. आधी छान बोलत होते. प्लँटचं, मशीनचं विचारलं, आईचंही विचारलं. मग मी ते कस्टमरचं बोललो आणि... अडखळलो बहुतेक. तुमच्यासारखं ठासून नाही जमलं.”

मी म्हणालो, “जाऊ दे रे, आणखी शंभर येतील.” फोन ठेवला आणि मला भूक लागली. कडकडून. पोटभर मिसळ खाल्ली, वर ताक प्यायलो, घरी जाताना फरसाण घेतलं. बायकोने विचारलं, “आज काय विशेष?” मी टार्गेट झालं म्हणून सांगितलं.

मत्सराला डोकं नसतं. तो गेला असता तर माझ्या वाटेतून गेला असता, भोसरी मला मोकळी झाली असती. मी त्याला अडवलं आणि तो माझ्या शेजारच्या टेबलावरच राहिला, तसाच शांत, तसाच सगळ्यांना हवा असलेला. हे ध्यानात यायला मला फरसाण संपेपर्यंतचा वेळ लागला.

त्याची आई गेली तेव्हा तो कोल्हापूरला होता. सकाळी सुनेने चहा पाजायला उठवलं तर ती उठली नाही. त्याला गाडी मिळून पोचेपर्यंत पिंपळे गुरवच्या त्या घरात पुरुषमाणूस म्हणून मीच होतो. डॉक्टरला मी आणलं, नातेवाइकांना फोन मी केले, कॉटची चादर धरून मी उभा राहिलो. शेजारपाजारचे म्हणत होते, “साहेब असावा तर असा.” तो आला, आईच्या पायांशी बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ती चाकणची नोकरी लागली असती ना, दादा...” आणि वाक्य अर्धंच सोडून हात हलवला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात काढून घ्यावासा वाटत होता आणि काढता येत नव्हता.

त्यानंतर त्याने कुठेही अर्ज केलेला नाही. बाकड्यावर जागा सांगणारे होते, त्याला मागणारेही होते. तो हसून म्हणायचा, “इंटरव्ह्यू आपलं काम नाही, भावा. आपल्याला बोलता येत नाही.” ज्याच्याशी बोलायला लोक कारखाना थांबवतात, तो माणूस हे म्हणतो. आणि त्याला ते खरंच वाटतं.

आता तो चाळिशी ओलांडून गेलाय आणि मी पन्नाशी. सेल्समध्ये या वयाचा बायोडेटा ढिगाच्या तळाला जातो. आमच्या कंपनीत तरुण पोरं आलीत, टूर मात्र अजून त्याच्याकडेच आहे. मागच्या आठवड्यात तळवड्याच्या एका कंपनीत जागा निघाल्याचं गेटवर कळलं. मशीनवर उभं राहून टूल समजावून सांगणारा, अनुभवी माणूस हवाय, टूर नाही. त्याच्यासाठीच काढल्यासारखी जागा. ऐकल्यावर आधी वाटला तो जुनाच हेवा होता, आणि तो मी इथं लपवत नाही. तरी मी त्याला ती व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याचं उत्तर आलं, “थँक्स दादा. पण चाकणला काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. जाऊ द्या.” खाली हात जोडलेले.

त्या मेसेजखाली मी तीनदा लिहायला घेतलं आणि पुसलं. तो चिडेल ही भीती नाही. तो चिडणार नाही. फार तर म्हणेल, “झालं गेलं, दादा.” खरं सांगायचं तर मला त्याचाही हेवा वाटतो. माझ्याशी कुणी असं वागलं असतं तर मला तसं म्हणता आलं नसतं.

तळवड्याचे लोक या महिन्यापुरतेच अर्ज घेणार आहेत. मी खरं सांगितल्याशिवाय तो अर्ज करणार नाही.

मी त्याचं एवढं देणं लागतो: तू अडखळला नव्हतास. तू नीट बोललास. ते वाक्यच त्या साहेबांपुढे बोलायचं नव्हतं, मला ते माहीत होतं आणि म्हणूनच मी ते तुझ्याकडून घटवून घेतलं. हे मला त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.