चीक कोणता?

कोन गावाला आमचा चार म्हशींचा गोठा होता आणि घरात बारावी सायन्स झालेली मी एकटी, त्यामुळे शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमच्याकडून दूध नेणाऱ्या एका पारशी बाईंना टोपलीतलं लुसलुशीत पनीर हवं होतं. त्यांनी दूध जमवायच्या गोळ्या दिल्या आणि त्या वासराच्या जठरापासून करतात, हेही सांगितलं. मी पनीर केलं, घरातही वाढलं. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. गोळीचं मात्र मी बोलले नाही.

महिन्याभराने जेवताना ज्ञान पाजळायच्या नादात सांगून टाकलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"त्याच्या आयचं दूध, नि त्याचंच पोट त्यात घातलंस?"

मी त्यांना त्यांच्या सुकट-बोंबलांची आठवण करून दिली, तेव्हा त्या उठूनच गेल्या. दुसऱ्या दिवसापासून स्वतःची भाकरी स्वतः थापू लागल्या. माझ्या हातचं पाणीही घेईनात. मला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. ठरवलं, याच दुधाचं पनीर झाडपाल्याने जमवून त्यांना खायला घालीन, तरच नावाची.

परसातल्या कच्च्या पपईला चिरा दिल्या, पांढरा चीक दुधात टाकला. दूध जमलं. मी ऐटीत सांगितलं, यात फक्त चीक आहे. त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. एकही म्हैस नुकती व्यायलेली नव्हती, मग खरवसाचा चीक आला कुठून? मी पुन्हा लपवाछपवी करतेय, अशी त्यांची खात्रीच झाली. हात धरून पपईखाली नेलं तेव्हा कुठे पटलं. पनीर मात्र कडूजहर. चीक कमी केला तर दूध जमेना. नवरा म्हणाला, नाद सोड. मी सोडला नाही.

सासऱ्यांच्या रक्तातल्या साखरेसाठी धामणकर नाक्यावरच्या जडीबुटीच्या दुकानातून मी वर्षभर पनीर डोडी आणत होते. वाटाण्याएवढी वाळकी फळं. रोज भिजत घालायचे, पण नावाकडे कधी लक्षच गेलं नाही. एके दिवशी दुकानदार चाचांना विचारलं, याला पनीर का म्हणतात? त्यांनी माझी कीव केली. "दूध जमाने की चीज है, बेटी. शुगर तो बाद में आई." काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा.

डोडी कुटून भिजवली, पाणी गाळून कोमट दुधात घातलं. सासूबाईंना मुद्दाम पातेल्याशेजारी पाट दिला. दूध जमून टोपलीत निथळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला.

"वाईच कडू हाय."

'छे, कुठे' असं अगदी ओठावर आलं होतं. ते गिळलं.

"हो आई, आहे कडू. डोडीचा कडूपणा उतरलाय."

त्यांनी ताटली पुढे केली. "वाढ."