चाखून दिलेली गोळी

नामदेवमामा शेळ्यांचं जंताचं औषधसुद्धा आधी स्वतः चाखायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, चुडाव्याला त्यांच्या गोठ्यात, तोंड वेडंवाकडं करून थुंकताना. "मुक्या जितराबाला काय पाजायलोय त्ये आपल्याला कळायला नको का?" असं वर मलाच विचारलं. मामा आता नाहीत, पण ते तोंड अजून डोळ्यांसमोर आहे.

मी फिरती विशेष शिक्षिका, त्यांच्या मुलीसाठी, सोनीसाठी गेले होते. सहा वर्षांची सोनी स्वमग्न होती. बोलत नव्हती, हाक मारली तर वळून बघत नव्हती. आई मजुरीला जायची, म्हणून दिवसभर ती मामांच्या मागे शेळ्यांत. मामा तिच्याशी अखंड बोलायचे. कोणती शेळी रुसली, कोणती चोरून बाभळीच्या शेंगा खाऊन आली, सगळं. "मला लय न्हाई पायजे, म्याडम," ते म्हणायचे. "एकडाव 'बा' म्हणावं. मंग माझ्यावर रुसली तरी चालतंय." असं बोलून हसायचे, आणि मला उगीच शेळ्यांकडे बघावं लागायचं.

दुसऱ्याच आजारावर वर्षानुवर्षं दिली जाणारी एक गोळी अशा मुलांना बोलायला मदत करते का, हे शहरातल्या एका दवाखान्यात तपासत होते. मीच दोघांना घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: काही मुलांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कोणाला कोणती, हे शेवटपर्यंत त्यांनाही कळणार नव्हतं. मामा खूश! "म्हाईत न्हाई म्हणून सांगणारा डाक्टर आज बघितला," म्हणाले आणि सही केली.

घरी जाऊन पहिली गोळी अर्थातच स्वतःच्या जिभेला लावली. लगेच मला फोन. "कडू हाय! म्हंजी खरीच हाय!" मी रागावले, पण त्या आनंदापुढे माझं काय चालणार?

काही महिन्यांनी एका सकाळी मामा शेळ्या घेऊन निघाले, तर मागून दारातून आवाज आला, "बा." मामा वाटेतच मटकन बसले. शेळ्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरल्या. त्यानं घातलेल्या शिव्याही मामांनी हसत हसत ऐकून घेतल्या.

मग गोळ्यांची मुदत संपली आणि दवाखान्यानं त्या बंद केल्या. मामांची झोप उडाली. "तिची हाक बंद झाली तर मी काय करू? गोळी बंद करू नका म्हणावं त्येनला." तालुक्याला, पूर्णेला जाऊन औषधांच्या दुकानांत चिठ्ठीशिवाय गोळी मागून आले. नशीब, कोणी दिली नाही. सोनी हाक मारायची, तरी यांचा जीव थाऱ्यावर नाही. "ह्यो जुन्या गोळीचाच असर हाय. आज हाय, उद्या न्हाई."

शेवटी दवाखान्यातून मला कळलं. सोनीची गोळी औषध नसलेली होती. खऱ्या गोळीचा किती उपयोग झाला, ते अजून तपासणं चालू होतं. हे मामांना कसं सांगावं, या विचारानं मी वाटभर कासावीस झाले होते. सांगितलं. बाजेवर बसलेल्या मामांनी मान खाली घातली.

"पण कडू व्हती की," एवढंच पुटपुटले.

"चवही सारखीच ठेवतात, मामा."

त्यांनी वर बघितलं. डोळे भरले होते. "म्हंजी तिनं मला गोळीनं न्हाई, आपल्या मनानं हाक मारली?"

"हो, मामा."

"मंग आता तिची हाक कोण बंद करतंय!"