वारुळावरून आपसूक पडेल ते

लोकसमजुती गोळा करायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत समजुती थोड्याच येतात. त्या मागताना झालेल्या फजित्या मात्र न मागता साचत जातात. निजामी राज्याच्या विलीनीकरणानंतरच्या वर्षांत मी परभणी जिल्ह्यात वारुळांविषयीच्या समजुती टिपत होतो. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कुसुमबाई त्याच वारुळांवरच्या अळंब्या शोधत. अळंबीची छत्री कागदावर ठेवून वर वाटी झाकली, की सकाळपर्यंत तिची भुकटीसारखी बीजे गळून कागदावर ठसा उमटतो. तो बाई सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. येलदरीच्या एका वारुळावरची अळंबी त्यांना अन्यत्र कुठेही आढळली नव्हती, आणि ते वारूळ धरणाच्या पाण्याखाली जाणार होते. त्याआधी तो ठसा मिळवायचा, हा बाईंचा ध्यास.

*

सरावाचा पहिला ठसा मुख्याध्यापकांसमोर उघडला गेला. वाटी उचलली, तर कागद पांढराशुभ्र. पांढऱ्या बीजांना काळा कागद लागतो, हे बाई घाईत विसरल्या होत्या.

"बाई, हा तर कोराच आहे. उद्यापासून खुर्दबीन कुलपात." निजामी गेली तरी आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीनच म्हणत.

बाईंनी एका मुलीची पाटी घेतली आणि कागद तिच्यावर झटकला. काळ्या पाटीवर पांढरी भुकटी पसरली.

"कुलूप लावा, सर. किल्ली माझ्याजवळ राहील."

*

चुडाव्याहून गाडीत बसलो. बाकावर सरावाच्या ठशांच्या झाकलेल्या वाट्या मांडलेल्या.

"ह्याच्यात काय हाय, बाई?" शेजारच्याने विचारले.

"कुत्र्याच्या छत्र्या."

"इखारी असत्यात त्या. फेका भाईर."

"फेकणार नाही. भीती वाटत असेल तर तुम्ही सरका."

तो सरकला, मग त्याच्या पलीकडचेही उठले. पुढच्या स्टेशनात गर्दी आत घुसली, तेव्हा बाई मला शांतपणे म्हणाल्या, "आणखी एक वाटी मांडू का?"

*

येलदरीचे ते वारूळ सखूबाई नावाच्या म्हातारीच्या शेतात होते. तिने आम्हाला बांधावरच अडवले.

"वारुळावरलं तोडायचं न्हाई. आपसूक पडंल ते घ्यावं."

धरणाच्या मोजणीसाठी आलेला अमीन, म्हणजे सरकारी मोजणीदार, मध्ये पडला. "आजी, समदं पाण्यात जायलंय. एक छत्री तोडली तर काय बिघडतंय?"

"पानी येईल तवा येईल. आज रान माझं हाय."

कुसुमबाईंनी वाद घातला नाही. कागदाला मधोमध चीर दिली आणि तो उभ्या अळंबीच्या देठाभोवती, छत्रीच्या खाली, अलगद सरकवला.

"आजी, मी तोडत नाही. पडेल तेच नेईन."

सखूबाईने कागदाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि घरातून टोपली आणून वर पालथी घातली. "वाऱ्यानं उडंल की."

सकाळी फिकट गुलाबी, रेघारेघांचा ठसा उमटला होता. बाईंनी तो उचलताच सखूबाईने हात पुढे केला.

"निम्मं माझं."

अमीन हसला. बाई हसल्या नाहीत. त्या एकुलत्या ठशाचे त्यांनी तिथेच दोन तुकडे केले.

*

पुढे सखूबाईला देवगाव फाट्याजवळ बदली जमीन मिळाली. नागपंचमीला आम्ही तिला भेटायला गेलो. सपाट रान, वारुळाचा मागमूस नाही. तोच अमीन हद्दीचे दगड रोवून घेत होता. सखूबाईने पदराची गाठ सोडून कागदाचा तुकडा काढला, मातीत पुरला आणि वर हळदकुंकू वाहिले.

"आजी," अमीन म्हणाला, "हितं वारूळ कुठाय?"

"यायलंय," सखूबाई म्हणाली. "तुमचा दगड जरा तिकडं सरकवा."